मातीखालचं लोखंड : वाचकांचे प्रश्न

उन्हाळवाही झाली, वावरं उलथली की माझ्याकडे पाकिटं येऊ लागतात. आता पोरांच्या हातात मेटल डिटेक्टरही आलेत. सुट्टीच्या दिवशी दोघं-तिघं मिळून धुऱ्याधुऱ्यानं, पडक्या गढीखालून, जुन्या पांदणीतून फिरतात आणि यंत्र वाजलं की खुरप्यानं उकरतात. निघालेलं काय आहे ते ओळखून सांगा म्हणतात. माझे वडील दारव्हा तालुक्यात गावचे खाती, म्हणजे लोहार, होते. मी स्वतः आयटीआयमध्ये 31 वर्षं फिटरचा ट्रेड शिकवला. लोखंड ओळखण्याची सवय हाताला लहानपणापासून आहे, म्हणून हे सदर लिहितो. एक विनंती मात्र दर वेळी करतो, याही वेळी करतो. फोटोत वस्तूशेजारी पट्टी ठेवा, किराणा दुकानात वजन करा, लोहचुंबक चिकटतं का ते पाहा, आणि कुठे, कशाजवळ सापडली ते लिहा. घासूनपुसून चकचकीत केलेल्या वस्तूचा फोटो आला की माझं निम्मं काम आधीच बुडालेलं असतं.

वर्धा जिल्ह्यातून एक वाचक : मुलाला नाल्याच्या काठी वीतभर लांबीचा जड लोखंडी नळकांडा सापडला. एका टोकाला निमुळता आहे, बुडाजवळ तांब्याचा पट्टा आहे. पट्ट्यावर तिरप्या रेघा आहेत. सध्या दाराला टेकण म्हणून लावला आहे. हा कुठल्या मशीनचा भाग?

हे उत्तर सगळ्यांत आधी देतो. पत्र हाती आलं त्याच दुपारी मी या भाऊंना फोन केला, कारण अंक निघेपर्यंत थांबण्यासारखं ते नव्हतं. हा मशीनचा भाग नाही, तोफगोळा आहे. तांब्याचा पट्टा हीच त्याची खूण. तांबं पोलादापेक्षा मऊ. गोळा नळीतून सुटताना तो पट्टा नळीच्या आतल्या खाचांत दाबला जातो आणि गोळ्याला गिरकी देतो. पट्ट्यावर तिरप्या रेघा उमटल्या आहेत याचा अर्थ गोळा एकदा डागला गेला आहे. डागूनही फुटला नसेल तर न डागलेल्यापेक्षा तो जास्त धोक्याचा, कारण फोडणारी कळ मोकळी झालेली असू शकते.

अशी वस्तू दिसली तर हात लावू नका, पाण्यात टाकू नका, ठोकून पाहू नका, भंगारवाल्याच्या गाडीवर चढवू नका. आधीच घरात आणली असेल तर जिथे आहे तिथेच राहू द्या. घरातली माणसं आणि जनावरं लांब न्या आणि 112 ला फोन करा. या भाऊंनी तसंच केलं. त्यांच्या घरी शाळकरी मुलं आहेत, म्हणून हे लिहिताना अजूनही माझा हात जड होतो.

दारव्हा तालुक्यातून एक वाचक : गावाबाहेर चिंचेखाली एकाच जागी 40 च्या वर अर्धचंद्राकृती पत्रे निघाले. प्रत्येकाला तीन-चार भोकं. मित्र म्हणतात चिलखताचे तुकडे आहेत, मोठी लढाई झाली असेल.

चिलखत नव्हे, बैलाची पत्री. तुम्ही पाठवलेले दोन नमुने जवळजवळ ठेवून बघा, एकमेकांची आरशातली रूपं वाटतील. बैलाचा खूर दुभंगलेला असतो, म्हणून घोड्यासारखी एक नाल त्याला चालत नाही. एका पायाला दोन पत्र्या, चार पायांना आठ. आतली कड सरळसर, बाहेरची गोलसर, आणि भोकं बाहेरच्या कडेशी, कारण खिळा खुराच्या जाड भिंतीतच बसवायचा असतो. आत गेला तर बैल लंगडलाच. पत्री झिजते पुढच्या टोकाला, आणि तुमचे बहुतेक तुकडे तिथेच कागदासारखे पातळ झालेले आहेत. हे बैल चालून चालून आले होते.

मग 40 एकाच जागी का? चिंचेखाली सावली असते आणि बैल पाडायला मऊ जागा मिळते. आमच्याकडे बाजाराच्या आदल्या दिवशी पत्री मारणारा येऊन बसे. बैलाचे पाय दोरानं बांधून त्याला अलगद कुशीवर पाडायचं, एकानं मान धरायची, दुसऱ्यानं शेपटीकडून दाबायचं, आणि तो जुनी पत्री उचकटून बाजूला फेकत नवी ठोकायचा. फेकलेल्यांचाच हा ढीग. काळ्या वावरात राबणाऱ्या बैलाला पत्रीची फारशी गरज नसते. कापसाची बंडी घेऊन खडीच्या रस्त्यानं जाणाऱ्याला ती लागते. तेव्हा तुमच्या चिंचेजवळून कधीकाळी बाजाराची वाट जात असणार. गावातल्या ऐंशीच्या पुढच्या माणसाला विचारा, तो वाटेचं नाव सांगेल. लढाईची गोष्ट हातची गेली म्हणून नाराज होऊ नका. मला तर या 40 तुकड्यांत एका सबंध गावाचं दळणवळण दिसतं. ते एका डब्यात ठेवा आणि डब्यावर जागा लिहा.

सातवीतला एक विद्यार्थी, पुसद : पऱ्हाटी उपटताना मला तांबूस वायसर सापडला. लोहचुंबक चिकटत नाही. एका बाजूला मुकुटासारखं काहीतरी आहे. वायसरवर मुकुट कशाला?

शाबास बाळा, मुकुट दिसला आणि प्रश्न पडला, इथेच तू जिंकलास. तो वायसर नाही, भोकाचा पैसा आहे. महायुद्धात धातूची टंचाई होती, म्हणून कांशाच्या पैशाचं मधलं पोटच काढून टाकलं. 1943 ते 1947 या वर्षांत हे पैसे पाडले. त्यावर राजाचा चेहरा नाही, फक्त मुकुट आणि साल. साध्या पाण्यात रात्रभर ठेव आणि जुन्या मऊ ब्रशनं हलके चोळ, साल वाचता येईल. आईची चिंच लावू नकोस. चिंचेनं तो सोन्यासारखा चमकेल, पण आकडे झिजतील. आजीला दाखव. अशा पैशाचं काय यायचं ते ती सांगेल, आणि ते वहीत लिहून ठेव.

कारंजा तालुक्यातून एक वाचक : जुन्या रुळांच्या कडेला चौकोनी अंगाचा जाड खिळा मिळाला. डोक्याला दोन्हीकडे कान आहेत. असे बरेच आहेत. घरी आणले तर चालतील का?

हा डॉग स्पाइक. लाकडी स्लीपरात ठोकून त्याच्या डोक्यानं रुळाचा तळ धरून ठेवायचा. कान यासाठी की उपटताना सब्बलीचा चिमटा त्यात अडकावा. वजनाला आणि लांबीला तो मोठ्या गाडीच्या खिळ्यापेक्षा लहान वाटेल, कारण ही आपली शकुंतला रेल्वे. अडीच फुटी गेज, म्हणजे 762 मिलिमीटर. यवतमाळहून दारव्हा, कारंजा करत मूर्तिजापूरपर्यंत 113 किलोमीटर. वऱ्हाडचा कापूस मोठ्या लाइनीपर्यंत न्यायला किलिक निक्सन कंपनीनं ती बांधली. 1994 पर्यंत वाफेचं इंजिन ओढत होतं. आम्ही पोरं दारव्ह्याच्या मोतीबाग स्टेशनावर इंजिन पाणी पिताना बघायला जात असू. नंतर आयटीआयच्या पोरांना थर्मामीटर दाखवून वाफ शिकवली, पण वाफ म्हणजे काय हे मला तिथेच कळलं होतं.

आणू मात्र नका. गाडी बंद असली तरी रूळ, फिशप्लेट, खिळे ही रेल्वेची मालमत्ता आहे. ती विनापरवाना जवळ बाळगणं 1966 च्या कायद्यानं गुन्हा ठरतो. फोटो काढा, माप घ्या, जागेवर राहू द्या. माझ्याकडेही या लाइनीचा एकही खिळा नाही, आणि त्याचं मला वाईट वाटत नाही.

हिंगणा तालुक्यातून एक वाचक : माळावर मोठमोठ्या दगडांची गोल रिंगणं आहेत. एका रिंगणात आमचं यंत्र जोरात वाजलं. हातभर खोदल्यावर लोखंडाची चपटी कुऱ्हाड निघाली. तिला दांड्यासाठी भोक नाही, पण लोखंडी पट्ट्यांची फुली आवळलेली आहे. सोबत काळी-तांबडी खापरं होती, ती टाकून दिली. उरलेली रिंगणं दिवाळीच्या सुट्टीत बघू. ही कुऱ्हाड किती जुनी आणि गंज कसा काढू?

भाऊ, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही सरळ मनानं विचारलंत म्हणून मीही सरळ सांगतो. उरलेली रिंगणं बघू नका. खुरपं तिथे पुन्हा लावू नका.

ते दगडांचे गोल म्हणजे अडीच हजार वर्षांहून जुन्या माणसांची दफनं. शिळावर्तुळं म्हणतात त्यांना. नागपूरच्या भोवती ती पुष्कळ आहेत. काटोल रस्त्यावरचं जुनापाणी, माहुरझरी, बोरीकडचं टाकळघाट-खापा, पेंचेच्या काठचं नैकुंड. एकोणिसाव्या शतकात जुनापाणीची वर्तुळं ज्यानं उकरली तो रिव्हेट-कार्नाक हा मध्य प्रांत-वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. आपल्या भागात कापूस आणि लोखंड असे सारखे एकमेकांना भेटत राहतात. माहुरझरीला 1970 ते 72 मध्ये शां. भा. देव यांच्या नेतृत्वाखाली नागपूर विद्यापीठानं उत्खनन केलं. तिथे माणसांसोबत पुरलेले घोडे मिळाले, आणि घोड्यांच्या तोंडावर चढवायचे तांब्याचे दागिनेही. फुलीच्या पट्ट्यांची बिनभोकाची कुऱ्हाड ही तर विदर्भातल्या या लोकांची ओळखच. दांड्याला पातं बांधायची ही त्यांची पद्धत होती.

नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी निघाली. वळणदार मातीच्या विटा रचून केलेली, भात्याची हवा आत सोडणाऱ्या मातीच्या नळ्या आणि शेजारी लोखंडाची मळी. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वडिलांच्या भट्टीपाशी जाऊन बसलो होतो. वडील त्याआधीच गेले होते, भाता फाटला होता, पण त्याची नळी तशीच भिंतीत होती. त्यांच्या हातातलं काम इतकं जुनं आहे हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

आता तुमच्या खड्ड्याचं. कुऱ्हाड तुमच्या हाती आली, पण ती कोणाच्या डोक्याशी होती की पायाशी, खापर तिच्या वर होतं की खाली, जवळ घोड्याचा दात होता का, हे सगळं गेलं. लोखंडाची कुऱ्हाड एकटी काहीच बोलत नाही. गंजही काढू नका. लाकडी दांडा कुजून जातो, पण त्याचे रेषे गंजात उमटून राहतात. घासलं की तेही जातं. आहे त्या मातीसकट तशीच कागदात गुंडाळून कोरड्या डब्यात ठेवा. तेल नको, पाणी नको, ॲसिड तर नकोच. टाकलेली खापरं जिथे टाकली तिथून वेचून वेगळ्या पिशवीत घाला.

मग लेखी कळवा. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार मातीत दडलेली 10 रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी खबर द्यावी लागते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू 1972 च्या कायद्यानं पुरावशेष ठरते, ती परवान्याशिवाय विकण्याचा धंदा करता येत नाही. ती जागा संरक्षित असेल तर 1958 च्या कायद्याखाली तिथे खोदणंच गुन्हा आहे. नागपूरला भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचं कार्यालय आहे, विद्यापीठाचा पुरातत्त्व विभाग आहे, अजबबंगला म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय आहे. यातल्या कुठेही स्वतः जा आणि खरं ते सांगा. घाबरू नका. लपवलेल्या कुऱ्हाडीपेक्षा सांगितलेली कुऱ्हाड कितीतरी हलकी असते. आणि तुमच्या माळावर किती रिंगणं आहेत, कुठली मुरूम काढणाऱ्यांनी फोडली आहेत, हे मोजून त्यांना द्या. असं मोजणारा गावातला माणूस त्यांना खरंच हवा असतो. यंत्राची हौस तुम्हाला आहेच, ती या कामाला लावा.

एक ताई, दिग्रस : पडक्या घराच्या पायात लोखंडाचा गोल गड्डा निघाला. वर धरायला कडी, खाली शिशाचा ठिपका आणि त्यावर बारीक शिक्का. वजन 918 ग्रॅम भरलं. मुलगा म्हणतो तोफेचा गोळा.

ताई, ते शेराचं वजन आहे, आणि तुमच्या मुलाचं समाधान आकडा करेल. 80 तोळ्यांचा शेर, तोळा 11.66 ग्रॅम, म्हणजे शेर 933 ग्रॅम. तुमचं 15 ग्रॅम कमी भरतं, ते पापुद्र्यानं सुटून मातीत गेलं. शिशाचा ठिपका खोड नव्हे, तपासणीची जागा. ओतीव वजनात एक खोबण ठेवतात, वजन नेमकं करायला त्यात भर घालतात, वरून शिसं ठोकतात आणि तपासनीस त्यावर शिक्का मारतो. दुकानदारानं शिसं खरवडलं तर शिक्का मोडतो आणि चोरी उघडी पडते. 1956 च्या कायद्यानं किलो आला. 1957 च्या 1 एप्रिलला नवे पैसे आले. हळूहळू शेर दुकानांतून उठला. किलो म्हणजे 1 शेर आणि पावणेसहा तोळे, हा हिशेब माझ्या आईला शेवटपर्यंत तोंडपाठ होता, आणि ती नव्या मापानं आणलेली डाळ घरी पुन्हा शेरानं मोजायची.

तुमच्या सासऱ्यांचं त्या घरात दुकान होतं असं तुम्ही पुढे लिहिलंत. मग ते वजन देवघरात नाही, पण घरात तरी राहू द्या.

नेर तालुक्यातून एक वाचक : विहिरीजवळ दोन फूट खोल लोखंडी कडं निघालं. व्यास दोन फुटांच्या आसपास, आतून आडवी पट्टी, दोन बाजूंना कान. इतकं खोल म्हणजे किमान 200 वर्षांचं असेल ना? त्याच खड्ड्यात सायकलच्या ब्रेकचा रबर आणि एक निळी बांगडी मिळाली.

खोलीवरून वय काढू नका, निदान आपल्या काळ्या मातीत तरी नाही. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. वैशाखात वावराला भेगा पडतात, वासराचा पाय अडकेल इतक्या. वर पडलेली वस्तू भेगेत घरंगळते, पहिल्या पावसात भेग मिटते, पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा उघडते आणि ती आणखी खाली जाते. ही जमीन स्वतःलाच नांगरते म्हणतात ते यामुळे.

माझा अनुभव सांगतो. इंजिनाचा पंप दुरुस्त करताना माझा 12-13 चा पाना हातातून निसटून भेगेत गेला. सळई घालून चाचपडलं, लागला नाही. अकरा वर्षांनी भावानं तिथे पाइपलाइनसाठी चर खणला, तर पाना गुडघाभर खाली, आडवा. त्यावर माझ्या कानसेनं कोरलेली खूण जशीच्या तशी होती. दुसऱ्या कोणाच्या हाती लागला असता तर त्यानं खोली बघून त्याचं वय काय धरलं असतं?

तुमच्या खड्ड्यात पुरावा आहे, आणि तो तुम्ही पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात. ब्रेकचा रबर. त्याच्यासोबत पडलेलं कडं 200 वर्षांचं धरायला आधार उरत नाही. विहीर, दोन फुटी व्यास, आतली पट्टी, दोन कान, यावरून ते मोटेचं कडं आहे. चामड्याची मोट त्याला शिवायची, म्हणजे तोंड उघडं राहून पाणी भरतं. कानांत नाडा अडकवायचा, बैल धावेवरून उतरले की मोट वर येऊन थारोळ्यात रिती होते. बैल उतरतात तो उतार आणि बंडीच्या चाकावरचा लोखंडी पट्टा, दोघांनाही आपण धावच म्हणतो. घराघरात डिझेल इंजिन आणि मग विजेचे पंप आले तशा मोटा सुटल्या, चामडं कुजलं, कडं उरलं.

कडं जोडलेल्या जागी बघा, एक टोक दुसऱ्यावर तिरपं चढलेलं दिसेल आणि तिथे लोखंड थोडं जाड असेल. दोन्ही टोकं पांढरीफेक तापवून घणानं एक केलेली असतात, तिथे वेल्डिंगची रेघ नसते. तसं असेल तर ते तुमच्याच पंचक्रोशीतल्या एखाद्या खात्यानं केलं आहे. विहिरीला अजून थारोळ्याचे दगड आहेत का, ते बघून पुढच्या पत्रात कळवा, आणि त्या निळ्या बांगडीचाही फोटो पाठवा.